चौघं उचलतील की

सासूबाईंची सत्तरी समुद्रावर करायची ठरली आणि खोल्या बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण चाकांची खुर्ची माझ्या नवऱ्याची. लिओन्सिओ मोटरसायकलवरून पडला त्याला सहा वर्षं झाली. कमरेखाली त्याला काही हलवता येत नाही आणि काही कळतही नाही. चिमटा काढा, चटका द्या, हा आपला हसतोय.

सांतियागोहून मी सात हॉटेलांना फोन केले. "व्हीलचेअर खोलीत जाते का?" सातही जणांचं उत्तर एकच, "जाते की, बाई! न जायला काय झालं?" आमच्या डॉमिनिकन माणसाच्या तोंडून 'नाही' काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. ते काही लबाड नसतात. समोरच्याचा हिरमोड करायचा त्यांच्या जिवावर येतं, एवढंच. मग खोदून विचारलं की पायऱ्या निघतात, आणि वर म्हणतात, "घाबरताय कशाला? चौघं उचलतील की!"

त्या चौघांचीच मला भीती आहे. चौघांनी उचलून न्यायची ती शवपेटी, माझा नवरा नव्हे.

दोन वर्षांपूर्वी एका बाळाच्या बाप्तिस्म्याला गेलो होतो. चर्चच्या पायऱ्यांवर चौघांनी खुर्ची उचलली, एकाचा हात सुटला आणि लिओन्सिओ खाली आला. सगळ्यांनी धावून उचललं. हा हसत म्हणाला, "काही नाही रे, मला कुठे दुखतंय!" दुखणार कुठून? तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना मांडी पाहिली तर सुजून काळीनिळी झाली होती. हाड मोडलं होतं. पाच आठवडे हॉस्पिटलात काढले, त्यात ताप, त्यात पाठीला जखम. एकदा तर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, फादरना बोलवायचं का?

हात सुटला होता वास्करचा, माझ्या धाकट्या दिराचा. पण सासूबाई हॉस्पिटलात आल्या तेव्हा लिओन्सिओने माझ्याआधीच सांगून टाकलं, "काल पलंगावरून खुर्चीत घेताना योकास्ताच्या हातून निसटलो." नंतर मला म्हणाला, "वास्करला कळलं तर तो जगायचा नाही. तुला माझी शपथ आहे." शपथ पाळली. तेव्हापासून त्या घरात मी नवऱ्याला पाडणारी बाई.

आठव्या हॉटेलात मात्र मी प्रश्नच विचारला नाही. फोनवर मिगेलिना नावाची मुलगी होती. तिला म्हटलं, "बाळ, टेप घे, बाथरूमच्या दारात आडवा धर आणि फोटो पाठव." तिने पाठवला. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. दाराला उंबरा नाही, आत बसून आंघोळ करायला बाक. खोली ११४, तळमजला. खिडकीतून फक्त धोबीखान्याची भिंत दिसायची. मला ती भिंत समुद्राहून सुंदर वाटली. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. वास्कर आधीच येऊन बसला होता. सगळ्यांच्या मनगटांवर हॉटेलचे निळे पट्टे चढले आणि तो चाव्या नाचवत माझ्याकडे आला.

"वहिनी, डोळे मिटा! तीन खोल्या, ओळीने, समोर समुद्र. दुसरा मजला."

"आणि ११४?"

"दिली सोडून. दुसरं कुणीतरी गेलंसुद्धा तिथे. माझ्या भावाने काय धोब्याच्या भिंतीकडे तोंड करून झोपायचं? आम्ही समुद्र बघायचा आणि त्याने चादरी मोजायच्या?"

सासूबाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला. "बघ, याला म्हणतात भाऊ."

मी जिन्याकडे पाहिलं. "वर न्यायचं कसं?"

"लिफ्ट आहे ना!"

मी पर्समधून टेप काढून लिफ्टच्या दाराला लावला. एकसष्ट. खुर्ची सहासष्टची.

"पाच सेंटिमीटरसाठी तोंड पाडता होय!" वास्कर हसला. "चौघं उचलतील की!"

बोलवायलासुद्धा लागलं नाही. माळ्याने पाण्याची नळी खाली टाकली. बारवाला हात पुसत आला. पोहून आलेला एक ढेरपोट्या पाहुणा निथळत पुढे झाला. आमच्याकडे अशी माणसं मागावी लागत नाहीत, तीच तर पंचाईत. चौथा वास्कर. जिना गुळगुळीत फरशीचा, वर पोहणाऱ्यांच्या ओल्या पावलांचे ठसे. मी पायऱ्या मोजल्या. अठरा.

"नको," मी म्हणाले. "मी ऑफिसात बोलते. खालची खोली मिळेल. नाहीतर परत जाऊ."

"परत? माझ्या वाढदिवसाला?" सासूबाई कडाडल्या. "तू गप्प बस, योकास्ता. तुझ्या एकटीच्या हातात होता तेव्हा काय झालं ते ठाऊक आहे आम्हाला. हे तर चार गडी आहेत."

बारवाला खाली बघायला लागला. मी लिओन्सिओकडे पाहिलं. तो हसत होता.

"चढवा रे," तो म्हणाला. "हिला सवयच आहे घाबरायची."

खुर्ची जिन्यावर पाठमोरी चढवतात, त्यामुळे त्याचं तोंड माझ्याकडे होतं. वर माळी आणि बारवाला, खाली पाहुणा आणि वास्कर. वास्करने डावी बाजू धरली, तेव्हा धरली होती तीच. "एक, दोन, तीन!" मी त्यांच्या मागे हात पसरून उभी राहिले, जसं काही नव्वद किलोचा माणूस मी झेलणारच होते. पहिली पायरी. दुसरी. पाहुण्याच्या कोपरातून पाणी टपकत होतं. तिसरी. शपथ गेली खड्ड्यात, मी आता ओरडणार होते.

चौथीवर माळ्याचा बूट घसरला. जेमतेम बोटभर. खुर्चीला हिसका बसला.

"खाली ठेवा!"

मला वाटलं, मीच ओरडले. पण आवाज लिओन्सिओचा होता. तो हसत नव्हता. दोन्ही हातांनी त्याने खुर्ची इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

"आई, मला भीती वाटते," तो म्हणाला. "खाली ठेवायला सांग यांना. मला खूप भीती वाटते."

सहा वर्षांत हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. एक एक पायरी उतरत त्यांनी खुर्ची जमिनीला टेकवली. तिघं बाजूला झाले. वास्कर तसाच गुडघ्यांवर राहिला.

"तू चर्चपाशी पडलास," तो हळूच म्हणाला, "हाड तेव्हाच मोडलं ना?"

लिओन्सिओने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही.

"हो," तो म्हणाला.

सासूबाई पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. या नजरेची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण माझं लक्ष वास्करकडे होतं. त्याने खुर्चीवरचा डावा हात काढला होता आणि तो अंगापासून लांब धरला होता, तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आता मला त्याच्यासाठी भीती वाटायला लागली.

"वास्कर, खुर्ची धर," मी म्हणाले. "उचलायची नाही, नुसती ढकलायची आहे. सपाट जमिनीवरून."

मी दोनदा सांगितलं. त्याने हात पुढे केला नाही.