पित्ताचा काढा

प्रेमलाने काढ्याचा थर्मास पारावर टेकवला आणि ती सरळ वाडीचे मानकरी, गावकार हरिश्चंद्र यांच्या शेजारी बसली. गप्पा थांबल्या. वडाखालचा तो पार पुरुषांचा. बायकांनी देवाला फेरी मारावी नि घरी जावं, ही रीत. पण खाडीचा वारा वाडीत कुठे येत असेल तर तिथेच.

पन्नाशीला टेकलेल्या प्रेमलाची पाळी गेल्या वर्षी थांबली आणि अंगात वणवा शिरला. भर थंडीत तिच्या पाठीवर भाकरी थापली असती तर टम्म फुगली असती. खोटं वाटत असेल त्याने शेजारच्या बोक्याला विचारावं. चुलीची ऊब सोडून त्याने हिच्या पायाशी मुक्काम हलवला होता. सासू गोदा तिला शतावरी, मेथी आणि जिऱ्याचा काढा उकळून देई. वाडीतल्या कितीतरी जणींना गोदानेच तो शिकवला होता. अट एकच, कुणी विचारलं तर पित्ताचा म्हणायचं. प्रेमला काढा मुकाट पीत होती. मागच्या पडवीत लपून घाम पुसणं मात्र तिला आता नको होतं.

हरिश्चंद्रांनी घसा खाकरला. बायकांची बसायची जागा ही नव्हे, असं त्यांनी वडाकडे बघत सांगितलं. प्रेमलाने पदराने वारा घेतला.

“भावोजी, माझी पाळी गेलीय. अंगाची लाही होते. वारा इथं येतो, म्हणून मी इथं बसणार.”

कुणी चपला शोधू लागलं, कुणी बिडी. तिने थर्मासचं झाकण उघडलं. मेथीचा कडवट वास पारभर पसरला, आणि चपला शोधणारे जागीच थांबले. हा वास ज्याच्या त्याच्या माजघरातला होता.

“हा तर पित्ताचा काढा,” हरिश्चंद्र म्हणाले. “आमची विमला करते. तिच्याबरोबर मी पण घेतोय.”

“पित्ताचा नाय, भावोजी. ह्या लाहीसाठीच असतो तो.”

हसू दाबताना होडीवाल्या बाबल्याला ठसका लागला. हरिश्चंद्र थर्मासकडे बघत राहिले. आपली बायको ऐन पहाटे उठून अंगणात का बसते, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

“झोप बरी लागते पण त्याने,” ते पुटपुटले.

प्रेमलाने झाकणात काढा ओतून पुढे केला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि ते उठले.

“कुठं निघालात?” बाबल्याने विचारलं.

“विमलाला घेऊन येतो. वारा हाय तोवर.” दोन पावलं जाऊन ते वळले. “नि तू सरकून बस रे.”