फोल्डर साहेबांना ओळखेना

सकाळी अकरा वाजता साहेबांनी ‘अंतिम’ नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली आणि फोल्डर उघडलं नाही. पडद्यावर एक चौकट आली : आपणांस या ठिकाणी प्रवेश नाही. साहेबांनी चौकट मिटवली, चष्मा पुसला, पुन्हा टिचकी मारली. चौकट पुन्हा आली. मग त्यांनी घंटी वाजवली, आणि ती वाजवायची थांबवली नाही.

घंटी ऐकून सगळ्यांत आधी धाकली उठली. रस्ते विभागाच्या त्या कार्यालयात आराखडे काढणारी ती एकटीच. आस्थापना सांभाळणाऱ्या बाई वयाने मोठ्या म्हणून त्या थोरली आणि ही धाकली, असं कुणीतरी फार पूर्वी ठरवलं होतं. आता धाकलीचे केसही कानाजवळ पांढरे झाले होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तिला घाई होती. ‘अंतिम’मध्ये तिचा आराखडा होता : वळणावरच्या मोठ्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी सिग्नल आणि मधोमध उभं राहायला एक ओटा. दुपारी चारच्या आत तो वाहतूक समितीकडे पोहोचला तर या वर्षीच्या कामांत धरला जाणार होता. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. तो रस्ता तिचे वडील रोज ओलांडायचे. शिवणकामाचं दुकान विकून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी नव्या मालकाच्या बाकड्यावर बसून त्याच्या चुका काढल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. त्यांच्या डाव्या कानाने कधीच राजीनामा दिला होता. गेल्या महिन्यात डावीकडून आलेल्या सायकलने त्यांना आडवं केलं. “सायकल होती म्हणून वाचलो,” असं ते सगळ्यांना हसत सांगत. धाकलीला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

“साहेब, उंदीर बदलून बघू या का?” थोरलीने विचारलं. माउसला ती उंदीरच म्हणायची.

“बघा,” साहेब म्हणाले.

माउस बदलला. चौकट आली. कीबोर्ड बदलला, चौकट आली. भिंतीतली तार काढून, फुंकर मारून परत लावली. संगणक बंद करून चालू केला, आणि तो चालू होईपर्यंत सगळे देवाच्या दारात उभे राहावेत तसे हात बांधून उभे राहिले. शेवटी थोरलीचा संगणक उचलून साहेबांच्या टेबलावर आणला. साहेबांनी आपलं नाव घातलं, पासवर्ड घातला. त्या वेळी सगळ्यांनी छताकडे पाहिलं. चौकट आली.

“हासुद्धा बिघडला,” थोरली म्हणाली. “कमाल आहे.”

बाहेरच्या माणसाला हा प्रकार वेडेपणाचा वाटला असता. पण त्या कार्यालयाची एक रीत होती. साहेबांच्या हातून चूक झाली असं तिथे कधी घडत नसे. चूक व्हायची, नाही असं नाही, पण ती एखाद्या वस्तूच्या पदरात टाकली जायची. मागे एकदा साहेब बैठकीची तारीख विसरले, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलं होतं. एका रस्त्याची रुंदी चुकली, तेव्हा कॅल्क्युलेटर बाद झाला. एका नव्या माणसाने मात्र ही रीत न समजून साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, की बेरीज तुमची चुकलीय. तो माणूस आता जुन्या नकाशांच्या खोलीत बसतो. त्या खोलीत खिडकी नाही.

धाकली सरळ सर्व्हरच्या खोलीकडे गेली. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे किल्लेदार म्हणत. ते थंड हवेच्या खोलीत स्वेटर घालून बसले होते.

“तुम्ही आला नाहीत तिकडे?”

“बोलावलं कुठे मला?” किल्लेदार म्हणाले. “उंदीर बदलून झाला का?”

“झाला. काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणजे काय! मीच केलंय. साहेबांच्या हुकमाने.”

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. गेल्या आठवड्यात कुणीतरी फाइल ओढताना हात सुटून अख्खं ‘अंतिम’ फोल्डर सहलीच्या फोटोंत जाऊन पडलं होतं. ते सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला. साहेब संतापले. काल संध्याकाळी त्यांनी किल्लेदारांना बोलावून फर्मावलं : अख्ख्या कार्यालयाला त्या फोल्डरची बंदी करा, आणि मला एकट्याला परवानगी द्या.

“मग? परवानगी दिली नाहीत?”

“दिली ना. पण सर्व्हरचा कायदा असा आहे, की बंदी आणि परवानगी समोरासमोर आली तर बंदी जिंकते. आणि ‘अख्खं कार्यालय’ या गटात साहेबही आहेत. हजेरी त्या गटावरूनच लागते. त्यांना वगळलं तर त्यांची हजेरी जाईल.”

“हे काल नाही सांगितलंत?”

“सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, मला शिकवू नका. मी नाही शिकवलं.” किल्लेदारांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. “जसं सांगितलं तसंच केलं. अक्षर इकडचं तिकडे नाही.”

“आता काढा ना बंदी. दोन मिनिटांचं काम. माझा आराखडा आत अडकलाय.”

“तुझ्याकडे प्रत नाही?”

“स्वतःच्या संगणकावर प्रती ठेवायच्या नाहीत, असा नियम तुम्हीच लावलाय.”

“हो, तेही खरं,” किल्लेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “बंदी काढली की साहेबांना आपोआप कळतं. ते विचारणार, का काढली. मी काय सांगू? तुम्ही स्वतःलाच कोंडून घेतलंय म्हणून? पाण्यात राहून माशाशी वैर नको, बाई. त्या नकाशांच्या खोलीत मला धुळीने शिंका येतात.”

धाकली आपल्या टेबलाशी परतली तोच फोन वाजला. वडील होते.

“जेवलीस का?”

“नाही बाबा. तुम्ही कुठे आहात?”

“दुकानात. हा शहाणा कॉलर उलटी शिवतोय. मी आता घरी निघालो.”

“थांबा थोडं. ऊन उतरू द्या. आणि एकटे ओलांडू नका, कुणाला तरी बरोबर घ्या.”

“काय? हां, घेतो घेतो,” वडील म्हणाले. ते असं दोनदा म्हणाले म्हणजे ऐकलेलं नसायचं. “तुझा तो दिवा कधी लागतोय?”

“आज कळेल.”

फोन ठेवून धाकली उठली. तिला सत्य बोलायचं होतं, असं तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण साहेबांच्या खोलीत शिरेपर्यंत तिच्या लक्षात आलं होतं, की सत्य सांगून फोल्डर उघडणार नाही, नकाशांची खोली मात्र उघडेल. तिने खोलीभर नजर फिरवली. माउस, कीबोर्ड, तार, सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. कोपऱ्यात प्रिंटर उभा होता.

“साहेब,” ती म्हणाली, “बंदी तुमची अगदी बरोबर होती. मला वाटतं, घोळ त्या प्रिंटरमुळे झालाय.”

“प्रिंटर?”

“तोही सर्व्हरवर आहे. स्कॅन केलेली पानं तोच तिथे ठेवतो. तो मधे आल्याने गटांची सरमिसळ झाली असेल. प्रिंटरला बाजूला करून, बंदी एकदा काढून नव्याने लावली, की झालं.”

तिच्या मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या किल्लेदारांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण इतकी बेमालूम नाही.

“मला आधीपासूनच संशय होता,” साहेब हळूहळू म्हणाले. “परवा त्याने माझं पत्र तिरकं छापलं. किल्लेदार!”

“साहेब.”

“हा प्रिंटर आत्ताच्या आत्ता बाहेर. वायर काढा. मला या मजल्यावर तो दिसता कामा नये.”

“आणि बंदी?”

“काढा, आणि पुन्हा नीट लावा.”

प्रिंटर दोघा शिपायांनी उचलला. तो भलताच जड होता. जुन्या नकाशांच्या खोलीतल्या माणसाने दार उघडून त्याला आत घेतलं आणि काही न विचारता बसायची जागा करून दिली, असं उचलणाऱ्यांनी परत येऊन सांगितलं. तेवढ्यात किल्लेदारांनी बंदी काढली. साहेबांनी टिचकी मारली. फोल्डर उघडलं.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. थोरलीने तर टाळी वाजवली. धाकलीने घड्याळ पाहिलं. चारला अजून वेळ होता, फार नव्हता, पण होता. तिने आपल्या टेबलाशी धाव घेतली, आराखडा ईमेलला जोडला, पत्ता घातला आणि पाठवण्यासाठी बोट उचललं.

“थांब,” मागोमाग आलेले साहेब म्हणाले. “सोबतचं पत्र कुठाय?”

“ईमेलमध्येच लिहिलंय, साहेब. ‘सोबत आराखडा जोडला आहे.’”

“असं जात नाही या कार्यालयातून काही. पत्र माझ्या सहीचं जाईल. छापून आणा, मी सही करतो, स्कॅन करून जोडा.”

थोरलीने साहेबांच्या खोलीतल्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या मजल्यावर छापणारं यंत्र एकच होतं. स्कॅन करणारंही तेच.

“साहेब,” धाकली म्हणाली, “प्रिंटर...”

“काय त्याचं?”

“तो परत आणावा लागेल.”

“आत्ताच तूच म्हणालीस ना, तो दोषी आहे म्हणून?”

आता प्रिंटर निर्दोष आहे म्हणावं, तर मग दोषी कोण? साहेब वाट पाहत होते. किल्लेदार स्वेटरचा धागा ओढत जमिनीकडे पाहत होते.

“आहेच, साहेब. पण एका पानापुरता...”

“दोषी यंत्रातून माझी सही जाणार नाही,” साहेब म्हणाले. “हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

शेवटी थोरलीने तोड काढली. पत्र हाताने लिहायचं, सही घ्यायची आणि मोबाइलने फोटो काढून जोडायचा. थोरलीचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि मोती ओवायला लागावा तेवढाच वेळ तिला लिहायला लागत असे. “विषय कसा लिहू? पादचारी की पादचाऱ्यांकरिता?” तिने विचारलं. धाकली म्हणाली, “काहीही लिहा हो, थोरल्या बाई, पण लिहा!” सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. या कार्यालयात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

साहेबांनी पत्र वाचलं, एक शब्द बदलला. पत्र पुन्हा लिहिलं गेलं. साहेबांनी सही केली. फोटो काढला तर सहीवर साहेबांच्याच डोक्याची सावली पडली. “खिडकीचा दोष आहे,” थोरली लगेच म्हणाली. पडदा सरकवून दुसरा फोटो काढला.

धाकलीने ईमेल पाठवलं तेव्हा तिच्या संगणकावर चारला एक मिनिट कमी होतं. तिने लगेच समितीच्या कार्यालयात फोन लावला.

“आलं का हो?”

“आलंय,” तिथला कारकून म्हणाला. “पण आमच्याकडे चार वाजून दोन मिनिटांनी आलंय.”

“आमच्याकडून चारच्या आत गेलंय.”

“गेलं असेल बाई. मधल्या मधे कुठे रेंगाळलं ते मला कसं कळणार? मोठा आराखडा आहे, सर्व्हरला चढायला वेळ लागतो.”

“मग घेणार की नाही?”

“ते मी नाही, अध्यक्ष ठरवणार. आणि अध्यक्ष बैठकीत आहेत.”

साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, की समितीचं घड्याळ पुढे असणार, आणि तसं पत्र आपण उद्या पाठवू. किल्लेदारांनी बंदी जशीच्या तशी, अक्षर इकडचं तिकडे न करता, पुन्हा लावली होती. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यानंतर साहेबांनी फोल्डर उघडलं नव्हतं.

पाचनंतर धाकलीने वडिलांना फोन केला. दुकानदाराने उचलला. म्हातारबुवा मघाशीच निघाले म्हणाला, कुणाला बरोबर न घेता. घरच्या फोनची घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. अर्थात घरी असले तरी तो त्यांना नेहमीच ऐकू येई असं नव्हतं.

तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि जिना उतरता उतरता समितीच्या कारकुनाला पुन्हा फोन लावला. तो निघायच्याच बेतात होता.

“अध्यक्षांनी तुमचा आराखडा आत मागवलाय,” तो म्हणाला. “वाचायला मागवलाय की परत पाठवायला, ते मला सांगितलेलं नाही. बैठक चालू आहे.”