एका चौकोनाचे वीस

दिगंबर कुलथ्यांचा डावा कान मंगळवारी चौकोनी झाला, आणि शुक्रवारी ते चहाला बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एकूण अकरा चौकोन उरले होते. त्यातले दोन तोंडाचे. मिटलं की तपकिरी, उघडलं की काळं. बार्शीत सोन्याच्या दुकानात बसून दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा छाटणाऱ्या या माणसाला आता फक्त ‘बरं’ एवढंच म्हणता येत होतं.

हेमलताबाईंनी कारण लगेच ओळखलं. त्यांच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागायच्या आधी पुतण्याने तिची व्हीसीडी केली होती, आणि या सोमवारी त्या व्हीसीडीवरून मोबाइलमध्ये मावेल अशी बारकी फाइल. दर वेळी चित्र झिजलं, आणि चित्राबरोबर नवराही झिजला. त्या स्वतः ठणठणीत होत्या, कारण कॅमेरा सगळा वेळ नवरीच्या तोंडापुढून हललाच नव्हता.

तेव्हाचं शूटिंग केलेल्या रज्जाकभाई मुजावरांच्या दुकानात त्या नवऱ्याला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, मोठ्यातल्या मोठ्या डिस्कवर घाला. ब्लू-रे का काय म्हणतात, तिच्यावर.

रज्जाकभाईंनी दिगंबररावांचा गाल बोटाने दाबून पाहिला. ‘‘घालतो. पण वहिनी, पातेलं मोठं घेतलं म्हणून आमटी वाढत नाही. एका चौकोनाचे वीस होतील आणि त्यातले एकोणीस कोरे राहतील. ते भरायचे तर लग्नात ज्यानं डोळ्यांनी बघितलं, त्यानंच येऊन सांगायला पाहिजे.’’

मग काय, फोनाफोनी झाली. अकरा वाजेपर्यंत तीनशे वऱ्हाडी आले आणि त्यांना जागा व्हावी म्हणून दुकान मागच्या बाजूने भगवंताच्या देवळापर्यंत लांबलं. जे हयात नव्हते तेही आले, फक्त त्यांनी दाराशी चपला काढल्या नाहीत.

एकेक जण पडद्यापुढे उभा राहून सांगू लागला, तसतसे चौकोन भरू लागले. सरोजवन्संनी शालू दोडक्याच्या फुलासारखा पिवळा होता म्हणून सांगितलं, मामींनी छे, हळदीसारखा म्हणून हट्ट धरला, आणि पडद्याने दोघींचं मन राखून काठाकाठाने रंग बदलला. बँडवाल्याचा तुटका दात आला. मांडवात शिरलेली शेळी आली. जिलबीबद्दल दामूकाका इतकं बारकाईने बोलले की ती पडद्यातून ओघळायला लागली, मग बायकांनी ताटं धरली आणि दुसरी पंगत दुकानातच बसली. इतकं हसणं हेमलताबाईंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर भरणं थांबलं. दुकान पुन्हा आखडू लागलं, माणसं एकमेकांना चिकटली. राहिला होता नवरदेवाचा चेहरा. तो कोणीच पाहिला नव्हता. लग्नात नवऱ्याकडे बघतंय कोण? अर्धी माणसं नवरीकडे बघत होती आणि अर्धी जिलबीकडे.

‘‘माझा तर कॅमेराच तुमच्यावर होता,’’ रज्जाकभाई म्हणाले. ‘‘तुम्ही सांगा. तुम्ही तर पुढ्यात उभ्या होता.’’

हेमलताबाईंनी त्यांना ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, टाचेला हळद, करंगळीला चिंधी. पडद्यावर पावलं लख्ख उमटली, इकडे दिगंबररावांच्या चपलेतही उमटली, आणि तीन दिवस खुर्चीत बसून असलेला तो माणूस उठून दोन गिरक्या घेऊन आला. पण मानेच्या वर काही सरकेना.

‘‘आईनं सांगितलं होतं, मान खाली ठेव,’’ हेमलताबाई म्हणाल्या. ‘‘मी ठेवली.’’ त्यांना पहिल्यांदाच रडू आलं.

रज्जाकभाईंनी मशीनचा खण बाहेर ओढला. तो ओढता ओढता पाटाएवढा झाला. ‘‘मग आता बघून या. पण ही डिस्क एकदाच लिहिता येते, एवढं ध्यानात ठेवा.’’

भिंती आता सगळ्यांच्या खांद्यांना टेकल्या होत्या. हेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मला तुमचं बोलणं हवंय, त्या म्हणाल्या, सगळं, थापांसकट.

‘‘बरं,’’ दिगंबरराव म्हणाले.

त्या पाटावर बसल्या आणि खण आत गेला.

आत शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. अंगावर पिवळा शालू होता, पुढे अंतरपाट होता, आणि मान सवयीने खाली गेलेली. पलीकडे ती पावलं दिसत होती. मागून आईने हळूच पाठीला हात लावला.

‘सावधान’ झालं. अंतरपाट बाजूला सरला आणि हेमलताबाईंनी मान वर केली. समोर मुंडावळ्या होत्या, मुंडावळ्यांखाली कोरे चौकोन, आणि त्यांतला एक हसायला लागला होता.