खाचेपुढे सरकवलेला गोळा

विश्वास कुणावर ठेवाल, सांगा बरं? चौकातल्या पुतळ्यावर, छापील पुस्तकावर, की माझ्यासारख्या दोन किलो गंजक्या लोखंडावर? घाई नाही. बसा, ऐका, मग ठरवा.

मी वजनाचा गोळा बोलतोय. वर आकडा, खाली पोट. सध्या मुक्काम डच लोकांच्या देशात, झूटरमेरला, जयंतीबाईंच्या ओट्यावर, पनीरच्या पुरचुंडीवर. दोनशे वर्षांपूर्वी नायमेखनला, वाल नदीच्या धक्क्यावर, एका वाण्याच्या काट्याच्या खाचा पाडलेल्या दांडीला लोंबकळत होतो. वाणी विकताना मला एका खाचेत बसवायचा, घेताना दुसरीत. चोर होता, पण आपण चोर आहोत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. राग लुबर्ट स्कोटेवर.

लुबर्ट म्हणजे वाफेच्या बोटीचा जनक. असं पुतळ्याखाली लिहिलंय. वकिलाचा मुलगा. आधी त्याने शिडाची गाडी काढली. ती पहिल्याच वळणावर पाववाल्याच्या दुकानात शिरली. मग बोट. गड्याला घरची शेगडी पेटवता येत नसे, पण वाफेवर तासभर बोलायचा. बोलणं मात्र गोड. तो वाणी, ज्याने कुणाला चिमूटभर मीठ जास्त दिलं नाही, त्याने मला फुकट देऊन टाकलं, यावरून समजा.

बॉयलर केला ट्राइनने. तांबटाची विधवा, नवऱ्याची भट्टी तीच चालवायची. पत्रा तिने ठोकला, सांधे तिने जुळवले. वाफेच्या तोंडावर झडप, झडपेवर आडवी पट्टी, पट्टीला मी, हेही तिचंच. वाफ फार झाली की झडप मला उचलणार आणि जास्तीची वाफ फुस्सकन बाहेर. मी जितका पट्टीच्या टोकाकडे, तितकी वाफ अधिक कोंडणार. किती पुढे चालेल ते ट्राइनने दहा दिवस तपासलं. मग कानशीने एक खाच पाडली, शेजारी दोन शब्द कोरले आणि खाली आपलं अक्षर, टी. मला खाचेत बसवून म्हणाली, "इथून हललास तर वितळवीन." मला बाई आवडली.

लुबर्ट तेव्हा चित्रकारासमोर बसला होता. चित्रात त्याच्या हातात हातोडा आहे. तो ट्राइनचा.

चाचणीच्या दिवशी धक्क्यावर गर्दी. धूर भरपूर, चाल बेताची. काठावरच्या घोड्याने ओढलेली एक नाव आमच्या पुढे गेली. तीतल्या म्हातारीने आम्हाला रुमाल हलवून दाखवला. लोक हसले. ते हसणं लुबर्टला सोसेना. त्याने बुटाच्या टाचेने मला खाचेतून उखडलं आणि रेटत पट्टीच्या टोकाला नेलं.

"साहेब, नको," ट्राइन म्हणाली.

"घाबरलीस?" असं म्हणून हा शूर स्वतः बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

बोट धावली, घोडा मागे पडला, टाळ्या झाल्या. मग सांधा फाटला. ट्राइनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

लुबर्टने वहीत लिहिलं: तांबं कच्चं, काम बायकी. वहीचं पुस्तक झालं. ट्राइनला पुन्हा कुणी कढईसुद्धा ठोकायला दिली नाही. लुबर्टने नवा बॉयलर दुसऱ्याकडून करवला, ट्राइनच्याच खाचेच्या मापाने, आणि सत्तराव्या वर्षी मऊ पांघरुणात मेला.

मी आणि पट्टी कुणाच्या तरी कोठारात गंजत पडलो. गेल्या वर्षी राजाच्या वाढदिवशी, जेव्हा इथे लोक घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकतात, तेव्हा जयंतीबाईंनी आम्हाला तीन युरोत उचललं. विकणारे आजोबा म्हणाले, "लुबर्टच्या पहिल्या बोटीवरचं आहे." बाईंनी विचारलं, "पनीर दाबायला चालेल?"

यंदा त्यांच्या गुंजनला वर्गापुढे बोलायचं होतं. इथे प्रत्येक मुलाला बोलावं लागतं. तिने लुबर्ट निवडला. तिचे बाबा श्रीकांतराव आयटीतले, त्यांनी हौसेने बावीस स्लाइड्स केल्या. दुसरीवर मोठ्या अक्षरांत 'एकट्याने'. नववीवर ट्राइनचं कच्चं तांबं.

गुंजनने वर्गात दाखवायला म्हणून पट्टी घासली, तशी अक्षरं वर आली. "आई, इट सेज 'नॉट फर्दर'. अँड अ टी."

जयंतीबाई कुकरपाशी होत्या. त्यांनी खाच पाहिली, खाचेपुढचा लांब ओरखडा पाहिला, मग कुकरकडे पाहिलं.

"श्रीकांत, ही शिट्टी आहे."

"कसली शिट्टी?"

"कुकरची. वाफ जास्त झाली की उचलते. ट्राइनने लिहून ठेवलं, यापुढे नको. आणि कुणीतरी रेटली. हा ओरखडा बघ."

"पुस्तकात तर तांबं कच्चं होतं."

"शिट्टीवर वरवंटा ठेवणारा कधी स्वतःचं नाव सांगतो का? कुकरच वाईट म्हणतो."

"अगं, पुतळा आहे त्याचा. टीचर काय म्हणतील?"

"तुझं काम तुझ्या मॅनेजरने स्वतःचं म्हणून दाखवलं, तेव्हा आठवडाभर धड जेवला नव्हतास."

कुकरची शिट्टी झाली. मग श्रीकांतरावांनी लॅपटॉप लेकीकडे सरकवला. "दुसरी आणि नववी उडव. तिथे या पट्टीचा फोटो टाक."

परवा वर्गात गुंजनने मला पट्टीला अडकवलं आणि सरकवत ट्राइनच्या खाचेत आणलं. टक्क. दोनशे वर्षांनी जागेवर बसलो. "हे ट्राइनने लिहिलं होतं," ती डचमध्ये म्हणाली, "आणि लुबर्टला वाचता येत होतं."

पुतळा अजून उभाच आहे, कबुतरांची सोय होते. मी पुन्हा पनीरवर. तुमच्याकडे एकच मागणं: हिशेब खरा ठेवा. पैशांचं तुमचं तुम्ही बघा. मी म्हणतो तो हिशेब, कुणाचं काम कुणाच्या नावावर पडलं त्याचा. आणि त्यात ट्राइनचा उजवा हात लिहायला विसरू नका.