निमुळत्या तोंडाचा नट

मुठीत धरलेत तर दिसणारही नाही एवढा मी लहान आहे. पण तळहातावर घेतलेत तर 'अरे, जड आहे की!' असे म्हणाल. मित्रांनो, मी चाकाचा एक जुना नट आहे. मला सहा कडा आहेत आणि मधोमध एक भोक. विहिरीत गोल जिना उतरावा तसे त्या भोकात आटे उतरत जातात. माझी एक बाजू सपाट आहे, दुसरी निमुळती. ती निमुळती बाजू म्हणजे माझे तोंड. माझे सगळे आयुष्य या तोंडामुळे घडले.

व्होल्गा नदीकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याआधी मी एका लांब षटकोनी सळईचा भाग होतो. तेव्हाचे मला फारसे आठवत नाही; झोपेत पाहिलेल्या प्रकाशासारखे काहीतरी आठवते. मग मला कापले, भोक पाडले, तोंड घासून निमुळते केले, आटे पाडले आणि जस्ताच्या पाण्यात बुडवून काढले. शेवटी एका बाईने नमुन्याच्या बोल्टवर मला दोन बोटांनी टोकापर्यंत फिरवून पाहिले आणि पेटीत टाकले. पेटीत पडणे ही आमच्यात शाबासकी असते.

तिथून मी किरगिझांच्या डोंगरांत आलो, झुमाकादिरमामांच्या जीपवर. चारही चाकांना जोर मिळणारी ती उंच, खडखडती गाडी. सगळ्या गावाचे ते मामा नव्हते, पण ज्याच्यामुळे ही गोष्ट घडली त्याचे ते मामा होते, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. डाव्या मागच्या चाकावर आम्ही पाच नट होतो. आम्हाला पाहून चाकाच्या छिद्रांनाही आनंद झाला असावा, कारण त्यांची तोंडेही आतल्या बाजूला तशीच निमुळती होत गेलेली होती. नरसाळ्यात नरसाळे बसावे तसे आम्ही त्यांच्यात बसलो. आवळले की आम्ही चाकाला बरोबर मधोमध ओढून घ्यायचो आणि मग ते केसभरही हलायचे नाही.

गाडी चालू लागली की आमचा फेर सुरू व्हायचा. वर गेलो की आकाश, खाली आलो की गवत. वेग वाढला की दोन्ही एकमेकांत मिसळून निळसर-हिरवा धूर व्हायचा आणि त्या धुरात मेंढ्यांचे ठिपके तरंगायचे. उन्हाळ्यात आम्ही सोन-कुल सरोवराच्या कुरणावर जायचो. काठावरच्या उथळ पाण्यातून गाडी निघाली की वरही ढग, खालीही ढग. तेव्हा मला वाटायचे, आपण जमिनीवर चालतच नाही आहोत. कोणीतरी आपल्याला हळूच आकाशातून गडगडत नेत आहे.

मामांची एक खोड होती. नट आवळायचा म्हटले की ते पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाईप चढवायचे आणि त्यावर चक्क उभे राहायचे.

"बसला!" ते म्हणायचे. "आता सैतान आला तरी सुटणार नाही."

"सैतानाचं राहू द्या," सेइलमामी कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या आंबट दह्याचे, पांढरे गोळे उन्हात पसरता पसरता म्हणायच्या, "आधी तुमची कंबर निसटेल."

दर वेळी माझ्या आट्यांना थोडे चुरगळल्यासारखे व्हायचे. पण घट्ट म्हणजे सुरक्षित अशीच त्या घराची समजूत होती, आणि तेव्हा माझीही.

आता भाच्याविषयी सांगतो. त्या लोकांत बहिणीच्या मुलाचा मोठा मान. मामाच्या घरातली जी वस्तू त्याला आवडेल ती त्याने उचलावी, मामाने नाही म्हणू नये. भाचा रुसून गेला तर घराला तळतळाट लागतो म्हणतात. म्हणूनच तिथे अशीही म्हण आहे, की भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. मामांचा भाचा तालाय नारीन शहरात फोन दुरुस्त करायचा. आजवर त्याने एक शिंगरू, एक खोगीर आणि मामींची चहाची किटलीसुद्धा नेली होती. कुत्रे त्याला पाहून भुंकले, की सगळे हसायचे, "ओळखलं बरं त्यानं!"

त्या उन्हाळ्यात तालाय कुरणावर आला तो हातात एक डबा घेऊन.

"मामा, या खेपेला न्यायला नाही, द्यायला आलोय."

"अगं बाई!" मामी लेकीला म्हणाल्या. "गुलझादा, बाहेर जाऊन बघ गं, सूर्य नेहमीच्याच बाजूला आहे ना?"

गुलझादाचे दिवस भरत आले होते. ती पोटावर हात ठेवून हसली. "आई, मला हसवू नकोस. दुखतं."

डब्यात नवे वाटणारे वीस नट होते. आरशासारखे चकचकीत. भंगारात निघालेल्या एका मोठ्या परदेशी जीपचे ते होते. तालायने ते खास निवडून आणले होते.

"आटे जुळतील का?" मामांनी विचारले.

तालायने एक नट बोल्टवर ठेवला आणि बोटाने फिरवला. "बघा. लोण्यातून सुरी जावी तसा गेला."

मामांनी मान डोलावली. घोड्याला खोगीर बसले की ते त्याचेच, तसा नट बोल्टवर चढला की तो त्याचाच, असे सगळ्यांना वाटले. पण मित्रांनो, त्या नव्या नटांची दोन्ही तोंडे सपाट होती. त्यांच्या मूळ गाडीची चाके सपाट जागेची असणार. तिथे ते उत्तम काम करीत असतील. आमच्या चाकाच्या निमुळत्या छिद्रात मात्र ते फक्त काठावर टेकत होते. नरसाळ्यावर ताटली ठेवल्यासारखे. आट्यांचा मेळ जमला होता, तोंडाचा मेळ कोणी पाहिलाच नाही. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण लोखंडाला जीभ नसते.

आम्हा वीस जणांना काढून पेंडीसारखे एका पिशवीत भरले. मामी म्हणाल्या, "भाच्यानं रिकाम्या हातानं जाणं बरं नाही. काहीतरी ने बाबा."

"हे जुने नट नेतो की," तालाय म्हणाला आणि पिशवी गाडीत सीटखाली टाकली. मामा त्याला परवा शहरात सोडणार होते.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी गुलझादाला कळा सुरू झाल्या. नवरा खाली गावी गवत कापायला गेलेला. मामांनी गाडी काढली, मामी आणि गुलझादा मागे बसल्या, तालाय पुढे. प्रसूतिगृह होते नारीनला, आणि मध्ये वळणावळणांचा लांब घाट.

मी पिशवीच्या अंधारात होतो. आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालत होती आणि मी फिरत नव्हतो. कापडातून येणाऱ्या कातर उजेडात मी चाकांचे बोलणे ऐकत पडलो. कुरणावर ती गप्प होती. घाटाचा उतार लागला आणि डाव्या मागच्या चाकातून आवाज येऊ लागला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. प्रत्येक फेऱ्याला चाक केसभर सरकत होते आणि प्रत्येक सरकण्याला नट थोडा थोडा उलटा फिरत होता. मला ते डोळ्यांनी पाहावे तसे दिसत होते.

"थांबवा," मामी म्हणाल्या.

"काय झालं? बाळ?"

"बाळ नाही. घोडं लंगडतंय."

"कुठलं घोडं?"

"हेच, आपण बसलोय ते. डावा मागचा पाय."

मामा हसले. "अगं, गाडीला खूर नसतात. टायरमध्ये खडा अडकला असेल."

"खडा अडकला तर ठेका एकसारखा पडतो. हा अडखळतोय. सगळा जन्म लंगडी घोडी ऐकण्यात गेला माझा, मला शिकवू नका. थांबवा!"

"पोरीला कळा येतायत आणि तू—"

"बाबा," गुलझादा दातांतून म्हणाली, "आई म्हणते तर थांबवा. मी थांबवून धरते थोडा वेळ."

गाडी थांबली. तालाय उतरून मागे गेला. तो चाकाशी वाकला. मग मामा उतरले. दोन चकचकीत नट गळून पडले होते. तिसरा बोटाने फिरत होता. छिद्रांभोवती लोखंडाची काळी भुकटी साचली होती आणि गोल छिद्रे खाल्ली जाऊन लांबट झाली होती. पुढच्या वळणापलीकडे रस्त्याला कठडा नव्हता. खाली नदी होती.

"मामा, मी..." तालायचा चेहरा राखेसारखा झाला.

"नंतर रड," मामा म्हणाले. "आधी जॅक काढ."

पिशवी उघडली. उजेड डोळ्यांत शिरला. तालायने एका हातात मला धरले, दुसऱ्यात चकचकीत नट, आणि दोन्ही तोंडे शेजारी ठेवून पाहिली. मग छिद्रात बोट फिरवले. त्याच्या बोटाला उतार लागला तसा तो पुटपुटला, "निमुळतं आहे. हे निमुळतं आहे, मामा. मी फक्त आटे पाहिले."

मामांना वाटले, आम्हालाच त्या चाकात पुन्हा बसवावे. तालायने अडवले. "छिद्रं खाल्ली गेली आहेत, आता यात कुठलाच नट नीट बसणार नाही. स्टेपनी लावू." त्यांनी स्टेपनी चढवली. बोल्टचे आटे फडक्याने पुसले. आम्हाला आधी बोटांनी बसवले, मग एक सोडून एक अशा क्रमाने नटांना पाना लावला, गाडी खाली उतरवून पुन्हा एकदा आवळले. मग उरलेल्या तीन चाकांचीही छिद्रे चाचपून पाहिली. ती अजून शाबूत होती. तिथेही जुने नट आले.

"लवकर करा रे," गुलझादा आतून ओरडली. "वाटेतच झालं तर याचं नाव जोलदोश ठेवावं लागेल!" जोलदोश म्हणजे वाटसोबती. मामी हसल्या आणि लगेच त्यांनी डोळे पुसले.

माझ्यावर पाना आला तेव्हा तालाय थबकला. "हा डुगडुगतोय. आटे झिजलेत." त्याने मामांच्या पाईपकडे पाहिले. मामांनी पाईप गुपचूप मागे टाकला. पण दुसरा नट नव्हता. मित्रांनो, त्या घाटात मी जेवढा जीव तोडून धरून राहिलो तेवढा कधीच राहिलो नव्हतो. गाडी मुंगीच्या पावलांनी उतरली. दोनदा थांबून तालायने प्रत्येक नट तपासला. दुपार कलायच्या आत गुलझादा प्रसूतिगृहात पोचली, आणि संध्याकाळी तिला मुलगी झाली.

मामांनी दुसऱ्या दिवशी मला काढून तालायच्या हातावर ठेवले. "नात या चाकांवर घरी जाणार आहे. नट आण. यावेळी डोळे उघडे ठेवून."

तालायने मला आणि एक जुना बोल्ट खिशात घातला, ते खाल्लेले चाक खांद्यावर घेतले आणि बाजार गाठला. गाड्यांच्या सुट्या भागांच्या ओळीत एक जाडजूड बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

"हे घे पोरा, काळे, फॅशनचे. सगळ्या गाड्यांना बसतात."

"सगळ्यांना बसणारे नकोत, ताई. माझ्या चाकाला बसणारे हवेत."

त्याने एक नट बोल्टवर बोटांनी शेवटपर्यंत फिरवला. मध्येच अडला, ठेवून दिला. दुसरा सरळ गेला, पण तोंड चेंडूसारखे गोल होते. तिसऱ्याचे तोंड निमुळते होते, पण उंची कमी; बोल्टचे पुरेसे आटे त्याच्यात शिरत नव्हते. प्रत्येक नट तो खाल्लेल्या छिद्रांच्या शाबूत कडेला आणि मग माझ्या तोंडाला लावून पाहत होता.

"नट घेतोयस की बायको पाहतोयस?" बाई म्हणाली. शेजारचे दुकानदार हसले.

"बायको चुकली तर माझं मरण, ताई. नट चुकला तर पाच जणांचं."

बाईने बिया बाजूला ठेवल्या. मग तिने फळीखालून एक खोका ओढला. आतले नट राखाडी, मंद, बिनचमकीचे होते. तालायने एक उचलला, बोल्टवर फिरवला, माझ्या तोंडाशेजारी धरला. उतार तोच. उंची तीच. पाना त्याच मापाचा. त्याने खोक्यातला एकेक नट तपासून वीस बाजूला काढले, आणि बाईने त्याला एकदाही घाई केली नाही. नंतर गॅरेजमध्ये जोर मोजणाऱ्या पान्याने ते आवळून घेतले. पाईप कोणीही मागितला नाही.

काही दिवसांनी गाडी घाट चढू लागली तेव्हा मी तालायच्या खिशात होतो. अर्ध्या वाटेत मामींनी गाडी थांबवली. काही वाजले नव्हते. नवे नट बसले की थोडे अंतर गेल्यावर तपासावेत, म्हणून. तालायने वीसही नटांना पाना लावला. एकही हलला नाही. आत गुलझादाच्या मांडीवर बाळ झोपलेलेच होते. वारा गवतावरून जात होता आणि गाडीतून कसलाच आवाज येत नव्हता.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, काढून टाकले म्हणून वाईट वाटते का? आधी वाटायचे. आता नाही. झिजलेल्या नटाला प्रेमापोटी जागेवर ठेवणे ही माया नव्हे. तुमच्या घरी सायकल असो की गाडी, तिच्या चाकाला नवा नट लावाल तेव्हा तो चढतो का एवढेच पाहू नका. तो कुठे टेकतो तेही पाहा. आणि त्या राखाडी नव्या नटांना माझे एकच मागणे आहे. त्यांच्याकडे तुम्हाला सांगण्यासारखी कुठलीच गोष्ट कधी नसो.