बाईंना बांधलेला फेटा

मी एक फेटा. गुलाबी रंगाचा, जरीच्या काठाचा. मला स्वतःचं डोकं नाही, त्यामुळे ज्याच्या डोक्यावर बसेन त्याचीच बाजू घ्यायची खोड मला होती. पुढचं ऐकताना एवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म सोलापुरातल्या एका विणकराच्या घरचा. त्या घरातल्या बाया तेलुगूत गप्पा मारत माझ्या सुताच्या कांड्या भरायच्या. पण मागावरून उतरलो, नवी पेठेतल्या दुकानात जाऊन बसलो, आणि बायांशी आपला संबंध संपला असं मी ठरवून टाकलं. फेटा म्हणजे पुरुषाचा मान! भलतीच मिजास होती मला.

एकाहत्तर सालच्या निवडणुकीत होटगीजवळच्या एका गावाने मला विकत घेतलं. विजयमालाबाईंची सभा होती. शाळेतली नोकरी सोडून बाई लोकसभेला उभ्या राहिल्या होत्या, आणि येणाऱ्या उमेदवाराला फेटा बांधायचा ही गावाची रीत होती.

फेटा बांधण्यात मल्लप्पांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. ते मला घेऊन व्यासपीठावर चढले, बाईंसमोर जरा घुटमळले, आणि सरळ वळून त्यांनी मला शेजारी बसलेल्या मानसिंगरावांच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या डोक्यावर बांधलं. बाईंची सवाष्णींनी ओटी भरली. टाळ्या झाल्या. काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

बाई निवडून आल्या आणि दिल्लीला जाऊ-येऊ लागल्या. मी नवी पेठेतल्या त्यांच्या घरी, बाहेरच्या खोलीत खुंटीवर असायचो. माझ्याखाली मानसिंगराव बसायचे.

पुढच्या वर्षी पाऊस पडलाच नाही. होटगीकडच्या विहिरींनी तळ गाठला. गावची माणसं घरी आली आणि मानसिंगरावांसमोर हात जोडून उभी राहिली.

"सायेब, प्यायला पानी न्हाय. कायतरी करा."

"बघतो," मानसिंगराव म्हणाले.

माणूस भला, पण विसराळू. आपल्या कापडाच्या दुकानात एकदा शिरले की घरचे निरोप त्यांच्या डोक्यातून साफ जात. माणसं पुन्हा आली, पुन्हा "बघतो" ऐकून गेली. खासदार तेव्हा दिल्लीहून आलेल्या होत्या, आत भाकरी करत होत्या. आत डोकावावं असं एकालाही सुचलं नाही.

मग एक दिवस बजाबाई आली. त्याच गावची, मेंढरं राखणारी, नवरा वारलेली म्हातारी. खांद्यावर घोंगडी, पाय धुळीने भरलेले. मानसिंगरावांना ओलांडून ती थेट स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"बाई, मतं तुमाला दिली आन गाऱ्हानं फेट्याला सांगत बसलोय. आमी बी लई खुळी मानसं की! पानी न्हाय वो गावात. मेंढरं मरायला लागल्यात. आता लेकरांची पाळी."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगून गेलेत की सगळी. भाईर."

बाईंची भाकरी तव्यावर करपली. त्या बाहेर येऊन मानसिंगरावांसमोर उभ्या राहिल्या. यजमानांनी मान खाली घातली. मला खुंटीवर बसवत नव्हतं, इतकी लाज वाटली.

बाई दुसऱ्याच दिवशी दिल्लीला निघाल्या. लोकसभेत त्या काय बोलल्या ते मानसिंगरावांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचलं. ऐकायला घरात मीच होतो. "होटगीला रूळ जातात, डबे जातात, मग पाणी का जात नाही?" ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. बाईंनी दिल्लीत पाठपुरावा सोडला नाही, आणि पाण्याने भरलेले डबे होटगीच्या स्टेशनात येऊन उभे राहिले. तिथून बैलगाड्यांतून पिंपं गावोगाव गेली.

दुष्काळ सरल्यावर गावाने बाईंचा सत्कार ठेवला. मानसिंगराव मला घालूनच गेले. मल्लप्पा नवा फेटा घेऊन चढले आणि सवयीने पुन्हा त्यांच्याकडेच वळले. मानसिंगराव मागे सरले. त्यांनी मला डोक्यावरून काढून माझे वेढे सोडले.

"नवा राहू द्या. हा पहिल्या सभेपासून हिचाच होता. हिला बांधा."

मल्लप्पा अवघडले. "बाईमानसाच्या डोक्याला हात कसा लावू, साहेब? आन बायांना तर बांधाय येत न्हाय."

बाई पदर सावरून उभ्याच. त्यांनी एवढं पाणी आणलं, तरी मी त्यांचा होणार नव्हतो?

"मला येतंय!" मागून आवाज आला. ओटी भरणाऱ्या सवाष्णी पुढे बसल्या होत्या; बजाबाई पार मागे, भिंतीला टेकून होती. ती वाट काढत वर आली. "माझ्या धन्याचा हात लुळा हुता. त्येला पटका मीच बांधायची. वटी भराय मला कुनी बोलवत न्हाय, पर फेट्याला कुटं सवाष्ण लागती?"

तिने बाईंच्या पदरावरूनच माझे वेढे घातले. हात खरखरीत, पण पीळ असा पक्का की मल्लप्पा बघत राहिले. पहिली टाळी त्यांनीच वाजवली. बाई खाली वाकून बजाबाईच्या पाया पडल्या, तरी मी ढळलो नाही.

जाताना बाईंनी मला बजाबाईच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर थांबायला नको हा. पुढची बाई तयार करा."

आता एकोणऐंशी साल चाललंय. मी बजाबाईच्या घरात असतो. गावातल्या सुना-लेकी दुपारी जमतात आणि एकमेकींच्या डोक्यावर मला बांधायला शिकतात. रंग उडालाय, जर काळी पडलीय, अंगभर सुरकुत्या आहेत. पण कांड्या भरणाऱ्या त्या बायांचे हात मला आता रोज आठवतात.

एकच मागणं आहे. मला जपून ठेवू नका. तुमच्यातली कुणी निवडणुकीला उभी राहिली, तर मला घेऊन जा. बांधणाऱ्या आता पुष्कळ आहेत.