पाचव्या वळणावरचा भोंगा

मी एक जुना पितळी भोंगा आहे. मित्रांनो, भोंगा म्हटल्यावर तुम्हाला प्रचाराच्या रिक्षावरचा कर्णा आठवेल. मी तो नव्हे. मला हाताने दाबावे लागते. एका टोकाला रबरी फुगा, दुसऱ्या टोकाला पितळेचे तोंड आणि मध्ये एक पातळ पत्ती. फुगा दाबला की पत्ती थरथरते आणि मी ‘पोंक’ करतो. मला तेवढेच येते.

रोझारियोच्या वडिलांनी मला म्हापशाच्या बाजारातून आणले. ते पोदेर होते, म्हणजे पाव भाजून दारोदार विकणारे. मालवणजवळच्या आमच्या गावात त्यांची लाकडावरची भट्टी होती. आधी मी त्यांच्या सायकलवर होतो. पुढे भट्टी रोझारियोकडे आली, पेट्रोलची मोटारसायकल आली आणि मी तिच्या हँडलवर डाव्या बाजूला बसलो.

खाली गावात पाव पायीही वाटता येतात. गाडी लागते ती सड्यावर जायला. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट रान. तिथे वरच्या वाडीत अकरा घरे आहेत. वर डांबरी रस्ता नाही. सुट्या दगडांची वाट, दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले गडगे आणि सात वळणे. एकाही वळणापुढचे दिसत नाही.

रोझारियोमागे त्याची बायको कार्मीन बसायची. प्रत्येक वळणाआधी ती त्याच्या डाव्या काखेखालून हात पुढे घालून मला दाबायची. एकदाच, पण लांब. कधी रोझारियोचा हात माझ्याकडे आला की ती त्यावर चापट मारायची.

“वाजवूक मी आसंय. तू फुडे बग.”

माझा आवाज ऐकून वरची मुले पिशव्या घेऊन धावत यायची. वाटेवर कधी गवा उभा असे. रानरेड्यासारखा धिप्पाड, काळा. तोही माझा आवाज ओळखायचा आणि सावकाश बाजूला व्हायचा. वाडीतल्या हौसाबाई म्हणायच्या, “घड्याळ बंद पडात, पण कार्मीनचो भोंगो चुकाचो नाय.” त्या दिवसांत मला फार अभिमान वाटायचा.

गेल्या पावसाळ्यात कार्मीन गेली. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी ती नव्हती.

रोझारियोने मला हँडलवरून काढले आणि भट्टीमागच्या खिळ्याला टांगले. माझ्या फुग्यावर तिच्या बोटांची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे तो हात लावत नसे. पेट्रोलची गाडी पडवीत गंजली. भट्टी आठवड्यातून दोनदा पेटू लागली. मित्रांनो, रबर वापरले नाही की कडक होते आणि चिरते. माझ्या फुग्यालाही एक चीर गेली.

मग त्यांची मुलगी जॉयसी म्हापशाहून आली. बापाकडे बघून ती रडली नाही, चिडली. पंधरा दिवसांनी तिने एक टेम्पो पाठवला. त्यात विजेवर चालणारी नवी मोटारसायकल होती, रानवाटांवर चालवण्यासाठी बनवलेली. उंच, हलकी, खोल खाचांचे जाड टायर. पेट्रोलची टाकी नाही, गियर नाही, धूर नाही. गॅरेजवाल्या गुरुप्रसादने तिला पावाच्या टोपलीसाठी मागे कॅरियर लावला. मग तो मला खिळ्यावरून काढून घेऊन आला.

“बाब, ही गाडी मांजरासारखी येता. वळणावर कोणाक कळाचा नाय. ह्यो भोंगो लाव.”

“लाव,” रोझारियो म्हणाला. “पण मी वाजवूचंय नाय.”

गुरुप्रसादने माझ्या चिरेवर ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि मला डावीकडे बसवले.

पहिल्याच दिवशी गाडीने रोझारियोला पाडले. अंगणात उभी असताना ती चालू आहे की बंद, हे त्याला कळेना. जुन्या सवयीने त्याने उजवी मूठ पिळली. गाडी एक शब्द न काढता सुटली आणि गडग्यावर चढली.

दुसरी चूक जास्त वाईट होती. जुन्या गाडीच्या डाव्या हाताला क्लच होता. नव्या गाडीला तिथे मागच्या चाकाचा ब्रेक आहे. चाळीस वर्षे रोझारियो वाटेत जनावर आले की डावा क्लच दाबायचा, उजवी मूठ पिळून इंजिनाचा आवाज करायचा आणि जनावर हटवायचा. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हैस आडवी आली. त्याने तसेच केले. ब्रेक दाबलेला असेपर्यंत या गाडीची मोटर बंद असते, त्यामुळे आवाज झाला नाही. त्याने वैतागून डावी बोटे सोडली. उजवी मूठ पिळलेलीच होती. गाडी उडी मारून म्हशीच्या शेपटीपर्यंत गेली.

“बाब, क्लच मेलो असा समजा,” गुरुप्रसाद हसून म्हणाला. मग त्याने जीभ चावली.

जॉयसीने फोनवर सगळे ऐकले. “पप्पा, सोमवारी मी येतंय. तुझ्या मागे बसान सड्यार येतलंय. गाडी तुझ्या हातात नसली तर भट्टीक कुलूप. मगे तू माझ्या वांगडा म्हापशाक येवचा.”

रोझारियो “बरा” म्हणाला. पण फोन ठेवल्यावर तो भट्टीजवळ जाऊन बराच वेळ उभा राहिला. ही भट्टी आणि ही वाट सोडली तर त्याच्याकडे कार्मीनचे काहीच उरत नव्हते.

त्याने चार दिवस सराव केला. किनाऱ्याच्या वाळूत चाक रुतले की मूठ हळू पिळायची. उतारावर मूठ सोडली की गाडी आपोआप वेग आवरते, तेव्हा पुढे फेकले जायचे नाही. चढावर गियर शोधत पाय हलवायचा नाही. त्याचे गुडघे सोलले, पण तो शिकला. फक्त डावा हात शिकला नाही.

सोमवारी सकाळी जॉयसी मागे बसली. टोपलीत गरम पाव होते. काजूला मोहोर आला होता. पहिली चार वळणे गाडी छान चढली. ती अगदी गप्प चालत होती आणि मीही गप्प होतो. रोझारियो वळणापाशी नुसता वेग कमी करायचा.

पाचव्या वळणावर गवा होता.

दहा पावलांवर. वाटेच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून. आम्ही आल्याचे त्याला कळलेच नव्हते. चाकाखालचा खडा वाजला आणि तो गर्रकन वळला. त्याने मान खाली घातली.

रोझारियोच्या डाव्या बोटांनी ब्रेक दाबला. उजव्या मुठीने पीळ दिला. आवाज नाही. त्याने आणखी पिळले. मला त्याची बोटे दिसत होती. ती सुटली असती तर गाडी थेट गव्याच्या शिंगांवर गेली असती. मूठ मागे घ्यायची एवढेच करायचे होते, पण भीतीने त्याचे दोन्ही हात जागच्या जागी धरले होते. गव्याने पुढचा खूर दगडावर घासला.

तेव्हा त्याच्या डाव्या काखेखालून एक हात पुढे आला. फुग्यावरच्या त्या गुळगुळीत जागेवर बोटे बसली. एकदाच, पण लांब.

आठ महिन्यांनी मी वाजलो. आवाज चिरका होता, ठिगळातून हवा सुटत होती. पण तो माझाच होता.

गव्याने कान हलवले. मान वर केली. क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि गडग्याच्या मोडक्या जागेतून सावकाश रानात उतरला.

“पप्पा,” जॉयसी अगदी हळू म्हणाली. “आधी उजवी मूठ सोड. आता डावो हात.”

त्याने तसे केले. मग दोघेही उतरून दगडावर बसली.

“माझो हात चुकलो,” रोझारियो म्हणाला. “म्हापशाक येतंय मी.”

“हात चुकलो ता मी बगलंय. पण पाच वळणा गेली, भोंगो कित्या वाजवलंस नाय?”

“तो तुझ्या मम्माचो.”

“मम्माचो न्हय, वाटेचो,” जॉयसी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “ती आज आसती तर तिनाच तुका बडवलेला आसता.”

आम्ही वर गेलो. हौसाबाई दारात उभ्या होत्या. हातात पिशवी होती. त्यांनी आवाज ऐकला होता. जॉयसीकडे पाहून त्या म्हणाल्या, “बरा केलंस गो.” आणि चार पाव घेतले.

त्याच दुपारी जॉयसीने मला गुरुप्रसादकडून सरकवून डाव्या मुठीला अगदी खेटून लावून घेतले. नवा फुगा बसवू का, असे त्याने विचारले. रोझारियो नको म्हणाला. आता संकट दिसले की त्याची डावी बोटे जुन्या सवयीने काहीतरी आवळायला धावतात, आणि पहिला मीच हाताला लागतो. मी वाजलो की आवाजासाठी उजवी मूठ पिळायची त्याला गरजच राहत नाही. जॉयसी बुधवारी एकटीच म्हापशाला परत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू असेल, जी वापरणारे माणूस आता नाही. ती खिळ्यावर टांगू नका. तिथे आम्ही जपले जात नाही, चिरतो. ठिगळ लावा आणि आम्हाला कामाला लावा. उद्या सकाळी पहिल्या वळणाआधी रोझारियो मला दाबेल. एकदाच, पण लांब. मग तो पुढे बघेल.